बर्फातला सव्वा महिना

बातमी आली तेव्हा माझी बॅग भरून दारामागे उभी होती. अकोटच्या आमच्या घरात ती कितीतरी आधीपासून तशीच उभी होती. पोरीचं पहिलं बाळंतपण, तेही कॅनडात, म्हणून मला दम निघत नव्हता. सातवीत शाळा सुटलेली बाई मी. एकटीनं केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे एसटीनं अकोला. विमानतळावर कुठं उभं राहायचं, कोणाला कोणता कागद दाखवायचा, काही विचारलं तर काय बोलायचं, याची मला सारखी धास्ती होती. बॅग भरणं तेवढं माझ्या हातातलं होतं, म्हणून ते मी आधीच करून टाकलं होतं.

मग जावयांचा फोन आला. बाळ वेळेच्या आधीच झालं होतं, आणि झालं तेव्हा त्यात जीव नव्हता. ते एवढंच बोलले. मग म्हणाले, "मामी, तिकीट अलीकडचं करू का? तुमी आल्या तर बरं होईन." आमच्याकडे जावई सासूला मामी म्हणतो. ते धामणगाव रेल्वे या गावचे, शांत माणूस. त्या दिवशीही त्यांनी माझ्या तिकिटाचा विचार केला, हे माझ्या आधी लक्षात आलं. बाकीचं नंतर.

मी बॅग उघडून एकेक वस्तू काढायला लागले. जुन्या लुगड्यांची शिवलेली दुपटी. झबली. घुटीच्या सामानाची पुडी. त्याखाली डिंकाच्या लाडवांचा डबा, आळीव, सुंठ, बाळंतशेपा. माझी मोठी बहीण अकोल्याला जठारपेठेत राहते. कळल्याबरोबर ती आली होती. पलंगावर बसून ती बघत होती. दुपट्यांना तिनं हात लावला नाही. लाडवांचा डबा मात्र तिनं उचलला आणि परत बॅगेत ठेवला.

"हे काहून काढून राहिली तू?"

"आता कोणासाठी नेऊ, ताई?"

"पोरीसाठी. लेकरू नाई रायलं, पन बाळंतीण तं हाये ना थे? इतके मयने तिनंच काढले ना? तिचं कोन करनार?"

तिनं आळीव ठेवले, सुंठ ठेवली, शेपा ठेवल्या. चेन तिनंच लावली.

ते सामान आम्ही दोघींनीच अकोल्याच्या बाजारातून आणलं होतं. तिथं एका म्हाताऱ्या चाचांचं जडीबुटीचं दुकान आहे. माझ्या वेळचं सामानही आईनं तिथूनच नेलं होतं. "किसकी जचगी है बाई?" कोणाचं बाळंतपण, असं त्यांनी विचारलं होतं. कॅनडा म्हटल्यावर त्यांनी तराजू थांबवला. "वहाँ तो बरफ पडती. सोंठ जरा जादा डालना. और आळीव रोज देना, दूध की कमी नै होनेवाली." ताई म्हणाली, "चाचा, कमी भाव लावा, नाई तं कॅनडातून पैसे मांगू आमी." ते हसले आणि मूठभर आळीव वर घातले. फुकटात मिळाले म्हणून मी घरी येईपर्यंत खूश होते.

*

मी पोचले तेव्हा दुपारीच अंधारून आलं होतं. विमानतळावरून घरापर्यंत सगळं पांढरं. आमच्या अकोटला कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्याला असं पांढरं पडलेलं असतं, झाडांच्या फांद्यांनाही लटकतं. पण तिथं गाड्या असतात, हमालांची ओरड असते, धूळ असते. इथं सगळं पडत होतं आणि कसलाच आवाज नव्हता. जावई गाडी चालवता चालवता म्हणाले, "मामी, पाय जपून टाका खाली. वरून मऊ वाटते, खाली काच असते."

पोरीनं दार उघडलं. "आली?" म्हणाली.

"हो."

तिनं माझी शाल घेतली आणि खुंटीला लावली. मला वाटलं होतं की एकमेकींना बघून आम्ही रडू. दोघींनाही रडू आलं नाही. मी हात धुतले, तिनं चहा ठेवला, मी म्हटलं तू बस, ती बसली.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. एका खोलीचं दार लावलेलं होतं आणि तिथला हीटर बंद होता. "तेवढाच खर्च वाचते," जावई म्हणाले. मी हो म्हटलं. त्या खोलीकडे कोणी जात नव्हतं.

नाताळापासून नव्या वर्षापर्यंत त्यांच्या कंपनीला सुट्टी होती, पण त्या सुट्टीचा पगार नव्हता. पोरीची रजाही बिनपगारी. दोघांनी मला काही सांगितलं नाही. मी स्वयंपाकघरातल्या डब्यांवरून ओळखलं. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. या घरात मला करण्यासारखं काही आहे, हे कळलं. काटकसरीचं घर चालवणं मला शिकवावं लागत नाही. आम्ही पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, जाळून स्वयंपाक केलेली माणसं. एक जाळ पेटला की त्यावर आधी वरण, मग भाकरी, मग निखाऱ्यावर वांगं, आणि शेवटी धग असेपर्यंत आंघोळीचं पाणी.

इथं जाळ नव्हता, बटणं होती. बटणांची मला भीती वाटायची. चुकीचं दाबलं आणि काही बिघडलं तर? म्हणून जावयांनी जी दोन दाखवली, तीच दाबायची. पण मी पद्धत तीच ठेवली. एकदा कुकर लावला की त्यात खाली डाळ, वर बटाटे. ओव्हन कशासाठी लावला तर बंद केल्यावर त्याचं दार उघडं ठेवायचं, स्वयंपाकघर तेवढ्यानं गरम होतं. खिडकीच्या फटीत जुना टॉवेल गुंडाळून. कपडे टबात धुऊन हीटरवर वाळत. कालचं वरण उरलं तर आज त्यात कणीक मळायची, पोळ्या मऊ होतात आणि भाजी नसली तरी चालतं. पत्ताकोबी इथं स्वस्त होती, म्हणून ती रोज: एक दिवस भाजी, एक दिवस पिठल्यात, एक दिवस कोशिंबीर, आणि दांडा किसून चटणीत. ताकाचं भांडं मी गॅलरीत ठेवलं, फ्रिजला तेवढीच विश्रांती. सकाळी त्याचा दगड झालेला. जावई म्हणाले, "मामी, हे ताक आता कापून खा लागन." मी हसले. पोर खिडकीकडे बघत होती.

ती दिवसभर तिथंच असायची. समोरच्या इमारतीत प्रत्येक खिडकीत रंगीत दिवे होते, खाली लोक झाडं ओढत नेत होते, पोरं बर्फात लोळत होती. ती बघत होती की नाही, मला सांगता येणार नाही. हाक मारली की ओ द्यायची. ताट ठेवलं की जेवायची. ताट नाही ठेवलं तर मागायची नाही. बाळाबद्दल घरात एक शब्द नव्हता. काय झालं, कसं झालं, कुठं नेलं, हे मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. मलाही आतून काही होत नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल असतो तसं काहीतरी. चिमटा काढला तर आपलाच आहे एवढं कळतं.

मला एकाच गोष्टीची काळजी होती, आणि ती सारखी होती. ती पायात मोजे घालत नव्हती. गार पाण्यात हात घालत होती. गॅलरीचं दार उघडून उघड्या डोक्यानं बर्फात उभी राहत होती. बाळंतपणात अंग कच्चं राहिलं तर ते आयुष्यभर दुखतं. आमच्या गल्लीत अशा बायका मी पाहिल्या आहेत. चाळिशीत त्यांना पाटावरून उठायला दोघींचा हात लागतो. माझी पोर तर इथं एकटी. मी परत गेल्यावर तिला कोण उठवणार?

एकदा धीर करून मी तेलाची वाटी गरम केली आणि तिच्याजवळ गेले. "पोरी, पाठीला तेल लावून देऊ का? पोट बांधून देऊ, एक जुनं पातळ आणलं आहे मी. सव्वा महिना तेवढा सांभाळ."

तिनं मान वळवली नाही. "आई, मी बाळंतीण नाई," ती म्हणाली. "तो शब्द नको म्हणत जाऊ."

वाटीतलं तेल मी परत बाटलीत ओतलं.

*

इथली सकाळ म्हणजे तिकडची संध्याकाळ. ताईचा फोन तेव्हा यायचा, मागं तिच्या टीव्हीवर मालिका चालू असायची. मी स्वयंपाकघराचं दार लोटून हळू बोलायची.

"लावू देते का तेल?"

"नाई."

"खाते का?"

"देईन ते खाते."

"मंग खाऊ घाल ना. खान्यातून जाते सारं. लाडू दे, खीर दे. नाव नको सांगू."

मला ते पटलं. सकाळी चहाबरोबर लाडू, दुपारी आळिवाची खीर, वरणात मेथीचे दाणे, जेवणावर शेपा. ती काही न बघता खायची. पहिल्यांदाच मला वाटलं की मी इथं आले त्याचा काही उपयोग झाला. पोरीच्या गालावर जरा रंग दिसला, की मला तसा दिसला, कोण जाणे. मी रोज मनात चाचांचे आभार मानत होते, ताईचे मानत होते, तिकीट काढून दिलं म्हणून जावयांचे मानत होते.

या सामानानं काय होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. चाचांनी सांगितलं होतं, आणि न सांगता प्रत्येक बाईला माहीत असतं. पण बाळंतिणीला द्यायचं ते हात आपोआप देत होते, माझ्या आईनं मला दिलं तसं, त्याच क्रमानं. दूध येऊन ते कोणाला जाईल, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

नाताळच्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर आली. सदरा छातीशी ओला होता. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, चालताना ओठ दाबलेले. मी कढईत खीर हलवत होते. ती ओट्याशी आली आणि कढईत बघितलं.

"हे काय आहे?"

"खीर."

"कशाची?"

तिनं डबा उघडला, आळीव बोटावर घेतले.

"बंद झालं होतं, आई," ती म्हणाली. "दवाखान्यातून आल्यावर चार रात्री रडून बंद झालं होतं. आता पुन्हा आलं. दगड झाले आहेत. हात लागू देत नाहीत." मग तिचा आवाज चढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "कोणासाठी आणून राहिली तू हे दूध? कोण पिणार आहे? सांग ना! कोण पिणार आहे?"

जावई आतून धावत आले. मी गॅस बंद करायला गेले तर गॅस नव्हताच, बटण होतं, आणि कोणतं ते मला सापडेना. जावयांनी बंद केलं. मी कढई उचलून बेसिनमध्ये उलटी केली. अन्न मी आयुष्यात फेकलेलं नाही. खीर घट्ट होती, ती लवकर जाईना, आणि मी ती चमच्यानं ढकलत राहिले.

जावयांनी दवाखान्यात फोन लावला. बोलणं इंग्रजीत होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी. फोन ठेवून त्यांनी सांगितलं, "नर्स म्हणते, गार पत्ताकोबीची पानं ठेवा. आवळून बांधू नका, आधार होईन एवढंच. ताप आला तर लगेच फोन करा." आणि मग जमिनीकडे बघत, "मेथी-बिथी देऊ नका म्हणते."

"पत्ताकोबी?"

"हो मामी. तिकडं मोगऱ्याची फुलं बांधतात म्हणते ना माही आई, तसंच."

पत्ताकोबी घरात नव्हती. आदल्या दिवशी शेवटची मी कोशिंबिरीत चिरली होती. नाताळ म्हणून दुकानं बंद. जावयांनी कोट चढवला आणि खाली गेले. तळमजल्यावर एक म्हातारी गोरी बाई एकटी राहते. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक अख्खी पत्ताकोबी होती आणि बिस्किटांचा एक डबा.

"काय सांगितलं तिले तुमी?" मी विचारलं.

"बायकोले पाहिजे म्हटलं. कायले, ते तिनं विचारलंच नाई. सगळ्यात मोठी काढून देली. समजलं वाटते तिले."

मी गड्डा गॅलरीत बर्फात खोचला, थोड्या वेळानं आणला आणि पानं एकेक सोडवली. पानाची मधली शीर जाड असते, ती टोचेल. म्हणून पान ओट्यावर पालथं घातलं आणि शिरेवरून लाटणं फिरवलं. पोर खुर्चीवर बसून बघत होती. डोळे सुजलेले.

"वड्या करून राहिली का?"

अळूची पानं मी अशीच लाटते. मी तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती, पण ती थट्टाच होती.

"अळू असतं तर केल्या असत्या," मी म्हटलं. "बेसन हाये घरात."

"बेसन नको लावू मले."

जावई आतल्या खोलीत निघून गेले. मी तिच्या अंगावर पानं ठेवली. गार लागताच तिनं डोळे मिटले. मग माझ्या जुन्या पातळाची चौपदरी घडी करून, सैल, पाठीमागून पुढं आणून बांधली. ती हातभर लांबीची तान्ही होती, त्यानंतर तिच्या अंगाला मी असा हात लावला नव्हता. पाठ गरम होती. मी गाठ कुशीला मारली, मागं टोचू नये म्हणून. पानं कोमेजली की बदलायची, असं नर्सनं सांगितलं होतं. दिवसभर मी तेच केलं: पान गार करायचं, लाटायचं, बदलायचं. घरभर पत्ताकोबीचा वास. दुसरं काही शिजवलं नाही. तिघांनी दहीभात खाल्ला आणि खालच्या बाईची बिस्किटं.

*

ताप आला नाही. हळूहळू दगड मऊ झाले, मग ओसरले. मी शेपा, मेथी, आळीव सगळं एका पिशवीत बांधून कपाटात मागं ठेवलं. लाडू राहिले. ते फेकवेनात, आणि पोरीला देता येईनात. जावई रोज सकाळी दोन खायला लागले. ताईला कळलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "मंग जवायाचंच बाळंतपन करून राहिली म्हन तू. कंबर धरली का नाई त्याची?" मी म्हटलं, "हळू बोल, ऐकतीन ते." जावयांनी ऐकलं होतं. "मावशीले सांगा, कंबर मजबूत झाली, बर्फ उपसाले बोलवा म्हना," ते म्हणाले.

पण पोर अजूनही अनवाणी फिरत होती. तेलाचं मी पुन्हा विचारलं नाही. आता विचारायचा धीरही नव्हता आणि अधिकारही वाटत नव्हता. नवं वर्ष येऊन गेलं, समोरच्या खिडक्यांतले दिवे निघाले, लोकांनी झाडं बाहेर आणून बर्फात टाकली. जावयांची कंपनी उघडली. घरात आम्ही दोघीच.

त्या सकाळी मी पोळ्या करत होते. हात पिठाचे, म्हणून ताईचा फोन आला तेव्हा मी कोपरानं स्पीकर लावला. ताई तिच्या दुखऱ्या गुडघ्याचं सांगत होती, तीळ महाग झाल्याचं सांगत होती. पोर पाणी प्यायला आली. मी बोलणं आवरतं घ्यायला लागले, तिला त्रास नको म्हणून. ती गेली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली.

"मावशी," ती एकदम फोनकडे वाकून म्हणाली.

पलीकडे ताईच्या मागची मालिका बंद झाली.

"बोल माय."

"सव्वा महिना कोणत्या दिवसापासून धरतात?"

"लेकरू झालं त्या दिवसापासून."

"मंगळवारी झाली," पोर म्हणाली. "मंगळवारी सकाळी. मुलगी होती."

तोवर मला मुलगा की मुलगी हेही माहीत नव्हतं. मी लाटणं धरून उभी होते. तव्यावर पोळी होती.

मला वाटलं, ताई आता रडेल, देवाचं काही बोलेल. ती रडली नाही. आमच्याकडे कुठंही मूल झालं की बायका जे विचारतात तेच तिनं विचारलं, त्याच आवाजात.

"कोनावर गेली व्हती?"

पोर बोटानं ओट्यावरचं पीठ गोळा करत राहिली.

"नाक आईचं होतं," ती म्हणाली. "बाकी त्यांच्यावर. केस खूप होते, मावशी. काळे."

"अस्सं," ताई म्हणाली. "केसाची व्हती." तिनं नाक ओढलं. मग पुन्हा तिचा रोजचा आवाज. "मंग संक्रांतीच्या अंदर नाई उठत तू. मोज तिथून. तवर गार पान्यात हात नाई घालाचा, डोक्याले बांधाचं, पायात मोजे घालाचे. आईले सांग, तेल रोज. समजलं का?"

"हो."

"नुस्तं हो नको करू. माह्याशी खोटं बोलशीन तं तिकडं येऊन झोडपीन."

"ये ना," पोर म्हणाली. "मोजे कुठं आहेत ते पाहते."

ती आत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा, खण ओढल्याचा आवाज आला. ताई फोनवर होती की ठेवला होता, मी बघितलं नाही. तव्यावरची पोळी एका बाजूनं करपली होती. मी ती उलटली, दुसरी बाजू भाजली आणि माझ्या ताटात घेतली. मग पुढचा गोळा हातात घेतला.